खिडकीशेजारची जागा

६ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. तुमच्या यजमानांनी पिटूला आणून सोडलं, त्याला बरेच दिवस झाले आणि पोचल्याचं पत्र मी आज लिहितोय. शिव्या द्या, पण पुढचं वाचा. फोन केला असता, पण फोन वाजला की पिटूबाईसाहेब माझ्या आधी धावतात आणि मग मांडीवरून हलत नाहीत. तिच्या देखत काय बोलणार? म्हणून पत्र, तेही लिफ्टच्या मशीनखोलीत बसून. कागदाला ग्रीस लागलं असेल तर समजून घ्या.

वेण्यांचं विचारू नका. लोखंडी दोर मी डोळे मिटून जोडतो, पण साडेचार वर्षांच्या पोरीचे केस हातात आले की बोटं रुसतात. एक वेणी कानातून निघते, एक पाठीतून. पाळणाघरातल्या बाई दारातच तिला वळवतात, सगळं सोडून पुन्हा विंचरतात आणि वर मलाच म्हणतात, "जमेल हो हळूहळू." दिवसभरात एवढं काही ठरवावं लागतं हे मला खरंच माहीत नव्हतं. नाक वाहतंय तर पाठवायचं का? मोजे वाळले नाहीत तर कालचेच चालतील का? पाळणाघर सुटायची वेळ झाली आणि तेव्हाच कुठं लिफ्ट अडकली तर आधी कुणाला सोडवायचं? तुमची धाकटी बहीण हे सगळं दातात पिन धरून, एक पाय दाराबाहेर ठेवून करायची. मी तेव्हा बूट शोधत असायचो.

परवा एक आजोबा अडकले, दोन मजल्यांच्या मधोमध. आतून दार बडवत होते. सोसायटीचा माणूस बाहेरून ओरडतोय, "झालंच आजोबा, दोन मिनिटं!" मी त्याला आधी गप्प केलं. माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: आत अडकलेल्याला खोटी वेळ सांगायची नाही. तो ती वेळ मोजत बसतो आणि ती टळली की मग त्याचा धीर सुटतो. काय बिघडलंय ते सांगायचं आणि दाराशी उभं राहायचं, बस. आजोबांना मी तसंच सांगितलं. नंतर आतून ते मला त्यांच्या गुडघ्याची सगळी कहाणी सांगत बसले. बाहेर आल्यावरही संपली नव्हती.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबरात धाकटी ड्युटीचे कपडे घालून गेली ती तिच्याच हॉस्पिटलात भरती झाली आणि परत आली नाही. पिटूला तुमच्याकडं पाठवलं तेव्हा तुम्ही तिला सांगितलंत की आई लांबच्या ड्युटीवर आहे. मीही तेच धरून ठेवलंय. शेजारच्या काकूंना, पाळणाघरातल्या बाईंना, सगळ्यांना बजावून ठेवलंय. पहिले काही दिवस ती रोज विचारायची, आई कधी येणार. मी म्हणायचो, येईल लवकरच. आता विचारत नाही. एकदम बंद. मला वाटतं विसरायला लागली. बरं वाटावं की वाईट, ते कळत नाही.

साहेबांकडून रविवार मागून घेतलाय. लोक रविवारी घरी असतात, म्हणून लिफ्टही नेमक्या रविवारीच रुसतात, त्यामुळं आजवर पोरीला घेऊन मी कधी कुठं गेलोच नाही. आता जातो. तळ्यावर बसने. पण तिचा थाट पाहा. स्वतः खिडकीशी बसते, शेजारच्या सीटवर आपली लाल पिशवी ठेवते आणि मला म्हणते, "बाबा, तू मागं बस." कुणी बसायला आलं की पिशवीवर हात ठेवून असं बघते की माणूस पुढं सरकतो. मी मागं, मांडीवर पाण्याची बाटली, तिचा स्वेटर, केळी. हॉस्पिटलचा स्टॉप आला की मात्र पोट दुखतं म्हणते. जंत असतील का? औषध देऊ?

तुमचा,
मिस्त्री


१५ फेब्रुवारी

मिस्त्रीबुवा,

ग्रीस लागलेलं पत्र मिळालं. आमच्या ह्यांनी वास घेऊनच ओळखलं कुणाचं ते.

दोन वेण्या जमत नाहीत तर हट्ट कशाला करता? मागं एक शेपटी बांधा आणि मोकळे व्हा. केस ओले असताना विंचरू नका, तुटतात. मोज्यांचं म्हणाल तर रात्री उशाखाली ठेवून झोपा, सकाळी कोरडे. धाकटीला मीच शिकवलं होतं. आमची आई आजारी असायची तेव्हा तिला मीच न्हाऊ घालायची, मीच शाळेत सोडायची, माझीही उंची तेव्हा फार नव्हती. असो.

जंताचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. बसमध्ये हलतं म्हणून दुखत असेल पोट.

ती विचारत नाही म्हणता, तर देव पावला समजा. पोरं विसरतात. विसरू दे. उकरून काढू नका. मोठी होईल, तिचं तिलाच कळेल, तेव्हा तिच्यात बळही असेल.

पण त्या पिशवीचं काही मला पटलं नाही हो. एवढीशी कार्टी, एका तिकिटात दोन जागा अडवते आणि बापाला मागं बसवते! तुम्ही कौतुकानं लिहिलंय ते दिसतंय मला. आई नाही म्हणून लाड करणं समजू शकते, पण लोक उभे असताना सीटवर पिशवी? धाकटी असती तर डोळे वटारले असते. वळण आत्ताच लावायला हवं. उचला ती पिशवी आणि सरळ शेजारी बसा.

सोबत फ्रॉक पाठवतेय. आमच्या शिवणाच्या कारखान्यात गणवेशाचं निळं कापड उरलं होतं, त्याचाच, पण कॉलर माझ्या मनानं लावलीय. काजं हातानं केलीत. समोरच्या दुकानातल्या बाई बघत होत्या, विचारलं त्यांनी, "भाचीला का? बहीण कशी आहे?" म्हटलं, बरी आहे, ड्युटीवर असते सारखी. बोलून गेले. पोरीपुढं बोलायची सवय लागलीय ना.

ताई


३ मार्च

ताई,

फ्रॉक बसला. लांबीला जरा जास्त आहे, म्हणजे पुढच्या वर्षीही चालेल.

काल मी तुमचं ऐकलं. बसमध्ये गर्दी होती. एक बाई काखेत तान्हं मूल घेऊन उभ्या होत्या, तोल जात होता त्यांचा. मी मागून म्हटलं, पिटू, पिशवी उचल. तिनं ऐकलं नाही. दुसऱ्यांदा जरा आवाज चढवला. मग मी उठलो आणि पिशवी उचलली. तिनं बंद धरून ठेवला. मी ओढला. चारचौघांत मी तिला म्हणालो, "लाज नाही वाटत? बसची मालकीण आहेस का तू?"

ताई, ती किंचाळली. मी आजवर तिचा तसा आवाज ऐकला नव्हता. "आई कुठं बसेल मग? आई कुठं बसेल?" हेच, पुन्हा पुन्हा. सगळी बस वळून बघायला लागली. तान्हं मूल रडायला लागलं. त्या बाई म्हणाल्या, "राहू दे बाळा, मी उभी राहते." आणि तेवढ्यात हॉस्पिटलचा स्टॉप आला. पिटू रडायची थांबली. काचेला नाक लावून चढणाऱ्या माणसांकडं बघत राहिली, शेवटचा माणूस चढेपर्यंत. बस सुटली. मग पिशवी पुन्हा जागेवर ठेवून म्हणाली, "पोट दुखतंय."

घरी आल्यावर काकूंना विचारलं. त्यांना वाटत होतं, मला माहीत आहे. रविवारी काकू पिटूला घेऊन बसमध्ये बसायच्या, पिटू खिडकीशी, काकू मागं सामान घेऊन. शेजारची सीट पिशवी ठेवून धरायची. हॉस्पिटलच्या स्टॉपवर धाकटी ड्युटी संपवून चढायची आणि त्या जागेवर येऊन बसायची. काकू पुढच्या स्टॉपला उतरून आपल्या लेकीकडं जायच्या, आणि मायलेकी तळ्यावर. कधीपासूनचा रिवाज होता हा, आणि मला, तिच्या नवऱ्याला, पत्ता नाही. मी कुणाच्या तरी लिफ्टमध्ये डोकं घालून बसलेलो.

आणि ती विसरलेली नाही, ताई. मी विचारलं तिला, मग आई कधी येणार असं तू मला विचारत का नाहीस? म्हणाली, "आई म्हणायची, सारखं विचारलंस की माझी ड्युटी वाढते. म्हणून मी गप्प बसते." धाकटी थट्टेनं म्हणत असणार, कामावर जाताना पायाला बिलगू नये म्हणून. पोर तेव्हापासून तोंड बंद करून बसलीय, आईची ड्युटी वाढू नये म्हणून. आणि आपण दोघं म्हणत होतो, विसरली, बरं झालं.

मला हे आता झेपत नाही. अनोळखी म्हाताऱ्याला मी खोटं सांगत नाही आणि माझ्या पोरीला रोज सांगतो, येईल लवकरच. मी तिला खरं सांगणार आहे.

मिस्त्री


१० मार्च

मिस्त्रीबुवा,

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस मशीनला हात लावला नाही. पिशवी उचला म्हणून मीच लिहिलं. माझी जीभ झडो.

पण सांगू नका. पाया पडते तुमच्या, सांगू नका.

तुम्हाला वाटेल, ताई पोरीसाठी म्हणते. आधी मीही तसंच म्हणत होते. आता खरं लिहिते. धाकटीला मी अंगाखांद्यावर वाढवली. ती गेली तेव्हा पिटू माझ्या घरात, माझ्या मांडीवर जेवत होती. फोन आला, मी ऐकला, ठेवला आणि पुढचा घास भरवला. पिटूनं विचारलं, "कुणाचा फोन?" मी म्हटलं, "आईचा. ड्युटी लांबलीय म्हणाली." तिनं लगेच मान हलवली. तिला ते खरं वाटलं. आणि मिस्त्रीबुवा, तिचा चेहरा बघून घटकाभर मलाही खरं वाटलं.

सगळ्या जगात माझी धाकटी मेलीय. तुमच्या घरात मेलीय, हॉस्पिटलात तिच्या जागी दुसरी कुणीतरी लागलीय. एका ठिकाणी तेवढी ती अजून चालते-बोलते, त्या पोरीच्या डोक्यात. ड्युटी संपवून ती कधीही बसमध्ये चढेल. तेवढं एक ठिकाण राहू द्या हो. तिथूनही तिला काढू नका.

तुम्हाला झेपत नसेल तर पिटूला माझ्याकडं पाठवा. इथं ती बस नाही, तो स्टॉप नाही. मी सांभाळीन तिला आणि सांगायचं तेव्हा मीच सांगेन. तुम्ही सांगितलंत तर माझ्याकडून पत्राची वाट बघू नका.

ताई


३१ मार्च

ताई,

तुम्ही लिहिणार नाही म्हटलंत, तरी मी लिहितोय. वाचा किंवा ठेवून द्या.

पत्र आलं त्यानंतर मी गप्पच बसलो. तुमचं चुकलं म्हणायची माझी छाती नव्हती. तुम्ही लिहिलंत ते मलाही हवं होतं. रविवारी बसमध्ये मी मागं बसायचो आणि तो स्टॉप आला की, खोटं कशाला बोलू, मीही दाराकडं बघायला लागलो होतो. वाटायचं, धाकटीचे ड्युटीचे पांढरे बूट पायरीवर दिसतील. पोरीच्या खेळाचा नाद मलाही लागला होता.

मधे तिला ताप आला. साधाच, सर्दीचा. काकूंनी डॉक्टरकडं नेऊया म्हटलं तर म्हणाली, "आईच्या हॉस्पिटलात नको. आई मला बघेल आणि म्हणेल, मी ड्युटीवर असताना ही आजारी पडते, शहाणी नाही." अंगावर पांघरूण घेऊन दोन्ही हात तोंडावर धरून पडली होती, खोकला बाहेर येऊ नये म्हणून. त्यावेळी मी ठरवलं. तुमच्या डोक्यात जी धाकटी जिवंत आहे ती हसरी आहे. पिटूच्या डोक्यातली धाकटी तिच्यावर रुसून बसलीय, पोर शहाणी होईपर्यंत घरी न येणारी. धाकटी अशी नव्हती, ताई. हे खोटं तिच्या नावावर मला राहू द्यायचं नव्हतं.

काल तळ्यावर निघालो. हॉस्पिटलच्या स्टॉपवर मी तिला म्हटलं, आज इथं उतरायचं. ती इतक्या आनंदानं उतरली की मला परत बसमध्ये चढावंसं वाटलं. समोर फुटपाथला बाक आहे, त्यावर बसलो. मी तिचे दोन्ही हात धरले आणि उस्तादांनी शिकवलं तसं, काय बिघडलं ते सांगितलं. म्हटलं, आई आजारी पडली. तिच्या मैत्रिणींनी, डॉक्टरांनी सगळे उपाय केले. तरी तिचं शरीर चालेनासं झालं आणि ती मेली. ती ड्युटीवर नाही. ती येणार नाही.

ती गेटकडं बघत होती. म्हणाली, "मेली म्हणजे गॅलरीतल्या त्या कबुतरासारखी?" म्हटलं, हो. "मी सारखं विचारलं म्हणून?" म्हटलं, नाही. तू विचारलंस म्हणून नाही, खोकलीस म्हणून नाही, तुझ्यामुळं काहीच नाही. हे मी किती वेळा म्हणालो असेन कोण जाणे. मग तिनं विचारलं, "तुला कधी कळलं?" म्हटलं, तेव्हाच. "मावशीला?" तेव्हाच. "मग मला का नाही सांगितलं?"

ताई, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं मला नको नको ते बोलली आहेत. पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, आम्हाला भीती वाटली. तिनं मला मारलं. छोट्या छोट्या मुठींनी, छातीवर, दमेपर्यंत. मग रडली. मीही रडलो, रस्त्यावर, लोक बघत होते, बघू देत. मी फक्त एवढंच म्हणत होतो, मी इथंच आहे, कुठं जात नाही. नंतर तिनं केळं मागितलं. अर्धं खाल्लं, उरलेलं अर्धं कागदात गुंडाळायला लागली आणि मधेच थांबली. मग तेही खाल्लं.

तळ्यावर गेलो नाही. परतीची बस धरली. ती खिडकीशी बसली, शेजारी पिशवी. मी न सांगता मागं बसलो. दोन स्टॉप गेले. एक आजी चढल्या, हातात काठी. पिटूनं त्यांच्याकडं पाहिलं. मग पिशवी उचलून मांडीवर घेतली, बंद नीट गुंडाळला आणि म्हणाली, "बसा. इथं कुणी येणार नाहीये."

आजी बसल्या. तिला म्हणाल्या, गुणाची गं बाई माझी. मला मागून तिची वाकडी वेणी तेवढी दिसत होती.

तुमचा गुन्हेगार,
मिस्त्री


१९ एप्रिल

मिस्त्रीबुवा,

तुमचं पत्र आलं तेव्हा वाचलं नाही. शिवणाच्या डब्यात ठेवून दिलं. रोज दोरा काढताना दिसायचं. आमचे हे म्हणाले, वाच, नाहीतर मी वाचून दाखवतो. काल वाचलं.

रागावले होते. अजूनही आहे थोडी, ती राहू द्या. गुन्हेगार वगैरे लिहीत जाऊ नका, तुम्ही दाराशी उभे राहिलात. मी नाही राहिले.

आज सकाळी समोरच्या दुकानातल्या बाईंकडं बटणं आणायला गेले. नेहमीसारखं त्यांनी विचारलं, "बहीण कशी आहे?" तोंडात तेच वाक्य आलं होतं. पण डोळ्यांपुढं आली आपली पिटू, बंद गुंडाळत बसलेली. मी म्हटलं, "ती गेली हो. नोव्हेंबरातच गेली." आणि तिथंच, बटणांच्या डब्यांसमोर, मला पहिल्यांदा रडू आलं. इतके महिने आलं नव्हतं. बाईंनी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि मला स्टूल दिलं.

मला पिटूला भेटायचंय. पुढच्या शनिवारी येते, रविवारी तुमच्याबरोबर तळ्यावर येईन. निळ्या फ्रॉकची लांबी कमी करून देईन, आणि वेणी कशी घालतात तेही दाखवेन, बोटं रुसली तरी.

तिनं तुम्हाला विचारलं तेच ती मलाही विचारेल. मावशी, तू का नाही सांगितलंस? तुम्ही म्हणालात तेच म्हणेन, भीती वाटली.

आणि एक तिला आधी विचारून ठेवा. मी आले तर खिडकीशेजारच्या त्या जागेवर बसू का? नको म्हणाली तर जबरदस्ती करू नका. मी मागं बसेन, तुमच्या शेजारी. केळी माझ्याकडं द्या.

ताई